वासापासून आकड्यापर्यंत : कामावरच्या मद्यचाचणीचा इतिहास

शहाद्याहून तोरणमाळ सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. शेवटचा टप्पा घाटाचा. सातपुड्याच्या कड्याला वळसे घालत चढणारा हा रस्ता 'सात पायऱ्यांचा घाट' म्हणून ओळखला जातो. तो संपतो तेव्हा गाडी समुद्रसपाटीपासून जवळजवळ ११५० मीटर उंचीवर आलेली असते. महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेसाठी याच वाटेने माणसांनी भरलेल्या गाड्या वर जातात. अशा घाटात गाडीत बसलेल्या प्रत्येकाचा एक साधा हक्क असतो : ज्याच्या हातात चाक आहे तो पूर्ण शुद्धीवर असला पाहिजे.

आता याच गाडीकडे चालकाच्या बाजूने पाहू. समजा, दिवस फाल्गुन-चैत्राचे आहेत. पाड्यापाड्यांतून मोहाची फुले वेचण्याचे काम चालू आहे आणि घराघरांच्या अंगणात ती वाळत पडली आहेत. चालक त्याच भागातला. पहाटे आगारातून गाडी काढताना कोणीतरी म्हणते, "याला वास येतोय." एवढ्या वाक्यावर त्याची त्या दिवसाची पाळी जाऊ शकते, चौकशी लागू शकते आणि अखेर नोकरीही जाऊ शकते. तो वास दारूचा आहे, की वाळत्या फुलांचा, की खोकल्याच्या औषधाचा? दारूचा असेल तर ती घोटभर होती की तांब्याभर? तासापूर्वीची की काल रात्रीची? शिवाय चालक आदिवासी असेल तर 'हे लोक पितातच' हा आपल्या समाजातला जुना पूर्वग्रह त्या वासाला आपोआप पुरावा बनवतो.

प्रवाशाचा हक्क आणि चालकाचा हक्क हे दोन्ही खरे आहेत. दोन्ही सांभाळायचे तर नाकाच्या जागी मोजमाप आणावे लागते. मात्र यंत्र आणून ठेवले की मोजमाप आले, असे होत नाही. आकड्यामागे नमुना कसा घ्यायचा, कोणी सांभाळायचा, पुन्हा कधी तपासायचा, आकड्याचा अर्थ कोणी लावायचा याचे नियम असावे लागतात. हे नियम कसे घडत गेले याचा बराचसा इतिहास आपल्याच राज्यात, काही अंशी आपल्या खानदेशात, घडला आहे. तो या लेखात आम्ही मांडत आहोत.

आधी दारू मोजली, मग माणूस

सरकारने मोजमाप सुरू केले ते माणसाचे नव्हे, दारूचे. कारण करवसुली. दारूतला मद्यार्क जितका जास्त तितकी तिची घनता कमी, आणि घनता मोजायला हायड्रोमीटर पुरतो. इंग्लंडमध्ये १८१६ च्या कायद्याने साइक्स यांचा हायड्रोमीटर अबकारी खात्याचे अधिकृत उपकरण ठरला, आणि पुढे ते उपकरण वसाहतींतही पोचले. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. गावोगावी घरच्या भट्टीत निघणारी दारू बेकायदा ठरली आणि परवान्याची, ठरावीक तीव्रतेची, कर भरलेली दारू तिच्या जागी आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी तर १८९२ मध्ये खास मोहाचा कायदा झाला. त्याने मोहाची फुले बाळगण्यावर आणि विकण्यावरच निर्बंध घातले. जंगलातले झाडाखाली पडलेले फूल उचलणे हा गुन्हा ठरू शकतो, हे आदिवासींना कळले ते असे.

दारूविरुद्धचा लढा मात्र केवळ सरकारी नव्हता, हेही येथे सांगायला हवे. १९२२-२३ मधल्या देवीच्या चळवळीत दक्षिण गुजरात आणि खानदेशातल्या आदिवासींनी आपण होऊन दारू सोडण्याच्या शपथा घेतल्या. १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात तळोदा तालुक्यातल्या मोरवड येथील गुला महाराजांच्या आरती चळवळीने हजारो भिल्ल कुटुंबांना निर्व्यसनाकडे वळवले. १९७२-७३ मध्ये शहाद्याच्या परिसरात श्रमिक संघटनेच्या आदिवासी स्त्रियांनी दारूची मडकी फोडली. 'हे लोक पितातच' असे म्हणणाऱ्याने हा इतिहास वाचलेला नसतो.

वासाचा पुरावा : मुंबई, १९५१

मुंबई शहरात १ ऑगस्ट १९३९ रोजी दारूबंदी आली, महायुद्धाच्या काळात ढिली पडली. मग मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ आला आणि एप्रिल १९५० पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी लागू झाली. आता दारू पिणे हाच गुन्हा. साहजिकच न्यायालयांसमोर रोज एक प्रश्न येऊ लागला : हा माणूस प्याला होता, हे सिद्ध कसे करायचे?

मे १९५१ मध्ये मुंबईत कुलाबा कॉजवेवर एका जीपने तिघांना धडक दिली. जीप चालवणारा गृहस्थ खुद्द परिवहन खात्यातला अधिकारी होता. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांची नोंद मोठी बोलकी आहे : श्वासाला दारूचा वास, डोळे लालसर, बाहुल्या अर्धवट विस्फारलेल्या, पण बोलणे सुसंगत, वागणे व्यवस्थित, आणि सरळ रेषेत चालता येते. हा माणूस दारूच्या अंमलाखाली नाही, असे डॉक्टरांचे मत पडले. आरोपीचे म्हणणे असे, की आपण मद्यार्क असलेले एक औषधी टॉनिक घेतले होते.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. दरम्यान १९५१ मध्येच त्या न्यायालयाने मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांच्यावरची बंदी घटनाबाह्य ठरवली होती. त्यामुळे औषधातला मद्यार्क पोटात गेला असेल तर तो गुन्हा नव्हता. १९५४ मध्ये न्यायालयाने आरोपीला सोडले. दारूच प्यायली, औषध नव्हे, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर आहे, आणि नुसता वास तेवढे सांगू शकत नाही, हा त्या निकालाचा अर्थ.

विज्ञानाच्या भाषेत सांगायचे तर वास ही गुणात्मक खूण आहे. ती मोजपट्टी नव्हे. दुसरी गंमत अशी, की शुद्ध मद्यार्काला वास बेताचाच असतो. आपण ज्याला दारूचा वास म्हणतो तो बराचसा तिच्यातल्या इतर द्रव्यांचा. त्यामुळे भरपूर वास आणि थोडा मद्यार्क, किंवा थोडा वास आणि भरपूर मद्यार्क, दोन्ही शक्य आहे.

रक्तातला आकडा

नेमका आकडा मिळवण्याची रीत तोवर युरोपात तयार झालेली होती. स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या एरिक विडमार्क यांनी १९२२ मध्ये अगदी थोड्या रक्तातला मद्यार्क मोजण्याची पद्धत दिली. तिच्या मुळाशी शाळेच्या प्रयोगशाळेत माहीत असलेलीच अभिक्रिया आहे. मद्यार्काचे ऑक्सिडीकरण करताना आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटचा नारिंगी रंग जाऊन क्रोमियमच्या क्षाराचा हिरवा रंग येतो. किती डायक्रोमेट खर्ची पडले ते मोजले की मद्यार्क किती होता ते कळते.

विडमार्क यांनी दुसरी, अधिक महत्त्वाची गोष्ट केली. पोटात गेलेला मद्यार्क शरीरातल्या पाण्यात पसरतो. म्हणून वजन माहीत असेल तर रक्तातले प्रमाण अंदाजाने काढता येते. पुरुषाच्या बाबतीत वजनाच्या सुमारे ०.७ पट वस्तुमानात मद्यार्क पसरला असे धरतात. स्त्रीच्या बाबतीत हा गुणक कमी असतो. आणि यकृत त्याची विल्हेवाट साधारण स्थिर वेगाने लावते : तासाला १०० मिलिलिटर रक्तामागे सुमारे १५ मिलिग्रॅम. हा वेग माणसागणिक थोडा बदलतो, पण काळी कॉफी पिऊन किंवा थंड पाण्याने अंघोळ करून तो वाढत नाही.

वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे. ६० किलो वजनाच्या पुरुषाने ४२.८ टक्के मद्यार्काचे ९० मिलिलिटर मद्य घेतले, तर त्यात सुमारे ३० ग्रॅम मद्यार्क आहे. ६० गुणिले ०.७ म्हणजे ४२ किलो. ३० ग्रॅम भागिले ४२ किलो म्हणजे १०० ग्रॅम रक्तामागे सुमारे ७१ मिलिग्रॅम. आता त्याच माणसाने रात्री दहापर्यंत २७० मिलिलिटर घेतले असे धरा. आकडा तिप्पट, म्हणजे सुमारे २१४. सकाळी सहापर्यंत आठ तासांत १२० कमी होतील. उरले ९४! माणूस झोपून उठला आहे, तोंड धुतले आहे, वासही फारसा नाही, आणि पहिली गाडी घेऊन निघाला आहे. नाक त्याला सोडून देईल, रक्त सोडणार नाही.

हे गणित बाटलीवर तीव्रता छापलेली असते म्हणून जमते. पाड्यावर काढलेल्या मोहाच्या दारूची तीव्रता ऊर्ध्वपातनाच्या धारेगणिक बदलते. पहिल्या धारेची दारू कडक, नंतरची सौम्य. तेथे 'दोन पेले घेतले' या माहितीला काहीच अर्थ उरत नाही. रक्त किंवा श्वास मोजण्यावाचून इलाज नाही.

आकडा मिळाला, पण मर्यादा कोठे आखायची? नॉर्वेने १९३६ मध्ये वाहनचालकांसाठी रक्तात ०.०५ टक्के, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम, अशी मर्यादा कायद्यात घातली. आकड्यावर आधारलेला असा हा जगातला पहिला राष्ट्रीय कायदा मानला जातो. पुढे १९६२-६३ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स शहरात अपघातात सापडलेल्या सुमारे सहा हजार चालकांची तुलना त्याच रस्त्यांवरून सुखरूप गेलेल्या चालकांशी केली गेली. रक्तातला मद्यार्क जसा वाढतो तसा अपघाताचा धोका नुसता वाढत नाही, तर ०.०८ टक्क्यांच्या पुढे झपाट्याने वर जातो, असे त्यात दिसले. धोक्याच्या या आलेखावर 'येथून सुरक्षित, येथून धोकादायक' अशी रेघ निसर्गाने आखलेली नाही. ती समाजाने आखायची असते. म्हणूनच वेगवेगळ्या देशांत ती वेगवेगळ्या ठिकाणी आहे.

सिरिंज, कुपी आणि लाख

मुंबई राज्याने १९५९ मध्ये दारूबंदी कायद्यात दुरुस्ती केली. संशयिताला नोंदणीकृत डॉक्टरांकडे नेऊन त्याची तपासणी करण्याची व रक्त घेण्याची तरतूद झाली. रक्तात ०.०५ टक्के किंवा अधिक मद्यार्क आढळला तर तो औषधातून वा अन्य निर्दोष मार्गाने आला हे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर आली. एक आकडा ओलांडला की सिद्धतेचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाणार होते. साहजिकच तो आकडा कसा मिळवायचा याला अतोनात महत्त्व आले.

त्याच वर्षी रक्तचाचणीचे नियम निघाले. ते आज वाचतानाही विज्ञानाचा एखादा उत्तम प्रयोग वाचल्यासारखे वाटते. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करावी. त्वचा निर्जंतुक पाण्याने पुसावी. रक्त काढताना कोणत्याही टप्प्यावर मद्यार्काचा स्पर्श होऊ देऊ नये. शिरेतून किमान ५ घन सेंटिमीटर रक्त घ्यावे. ते गोठणरोधक आणि परिरक्षक असलेल्या कुपीत घालून जोराने हलवावे. कुपीवर चिठ्ठी लावावी, झाकणाला लाख लावून डॉक्टरांची मोहोर उठवावी, आणि ठरलेल्या नमुन्यातल्या पत्रासह ती तपासनीसाकडे पाठवावी.

यातल्या प्रत्येक सूचनेचे कारण विद्यार्थ्यांना विचारण्याजोगे आहे. इंजेक्शनपूर्वी दवाखान्यात स्पिरिटचा बोळा फिरवतात. येथे तो का चालत नाही? कारण स्पिरिट म्हणजेच मद्यार्क, आणि त्याचा अंश सुईबरोबर नमुन्यात जाऊ शकतो. परिरक्षक कशाला? रक्तात साखर असते. बाहेरून जंतू वा किण्व शिरले आणि कुपी उष्ण हवेत पडून राहिली, तर मोहाच्या फुलांचे मडक्यात जे होते तेच कुपीत होऊ शकते : साखर आंबते आणि नवा मद्यार्क तयार होतो! परिरक्षक म्हणून वापरला जाणारा सोडियम फ्लोराइड ही प्रक्रिया रोखतो. कुपी हलवायची कशासाठी? फ्लोराइड तळाशीच राहिला तर वरचे रक्त असुरक्षित राहते. मोहोर कशासाठी? तपासलेले रक्त याच माणसाचे आहे हे सांगता यावे म्हणून.

हे नियम कागदावरच राहिले तर काय होते, हे लवकरच दिसले. १९६१ मध्ये खानदेशात एक गाडी उलटली, काहीजण जखमी झाले, एकाचा मृत्यू झाला. रुग्णालयात डॉक्टरांना चालकाच्या तोंडाला वास आला. त्यांनी रक्त घेतले. रासायनिक तपासणीत मद्यार्क मर्यादेपेक्षा जास्त निघाला. जळगावच्या सत्र न्यायालयातून आणि पुढे उच्च न्यायालयातून हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेले, आणि १९६३ मध्ये निकाल लागला. दारूबंदी कायद्यातली वाट सोडून, रुग्णालयाने आधीच घेतलेले रक्त पुरावा म्हणून चालेल का, हा कायद्याचा मुद्दा होता; बहुमताने न्यायालय म्हणाले, चालू शकेल. पण मधल्या काळात कुपी कोणाच्या ताब्यात होती, ती नीट बंद होती का, याचा पुरावा कोठे आहे, हा प्रश्नही न्यायालयाने तितक्याच गंभीरपणे विचारला. आकडा बरोबर असू शकतो. पण तो या माणसाचा आहे का, आणि त्याच्या शरीरातला आहे का कुपीतला, हे सांगता आले नाही तर तो निरुपयोगी आहे.

१९७१ मध्ये महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उरलेली बाजू स्पष्ट केली. श्वासाला वास, झोकांड्या, असंबद्ध बोलणे, विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस प्यायलेला होता असे ठरवता येणार नाही. ते रक्ताच्या व लघवीच्या तपासणीनेच ठरते. ही सारी लक्षणे डोक्याला मार लागल्यावर, रक्तातली साखर घसरल्यावर किंवा नुसत्या धक्क्यानेही दिसू शकतात. अपघातातून नुकत्याच बाहेर आलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे विशेष खरे.

श्वासाचे यंत्र

प्रत्येक वेळी रक्त काढणे घाटाच्या पायथ्याशी किंवा आगारात शक्य नसते. म्हणून श्वास. अमेरिकेत हार्गर यांनी १९३०च्या दशकात फुग्यात श्वास घेऊन तपासणारे यंत्र बनवले. १९५४ मध्ये बोर्कनस्टाइन यांनी 'ब्रेथअॅनलायझर' घराण्याचा मूळपुरुष म्हणावा असे सुटसुटीत यंत्र तयार केले. आतली अभिक्रिया तीच, नारिंगी डायक्रोमेटची. रंग किती उतरला हे प्रकाशघटाने मोजायचे. आजच्या यंत्रांत बहुधा इंधनघट असतो. त्यात मद्यार्काच्या ऑक्सिडीकरणातून निर्माण होणारी वीज मोजतात.

तत्त्व हेन्रीच्या नियमाचे. फुप्फुसांच्या खोल भागात रक्तातला मद्यार्क आणि हवेतला मद्यार्क यांचा समतोल असतो. सुमारे २१०० मिलिलिटर खोल श्वासात जेवढा मद्यार्क, तेवढा १ मिलिलिटर रक्तात, असे गृहीत धरून यंत्र गुणाकार करते. हे गुणोत्तर सरासरी आहे. माणसागणिक ते बदलते, आणि तापमानावर तर ठळकपणे अवलंबून असते. शरीराचे तापमान १ अंश सेल्सियसने वाढले तर श्वासातले प्रमाण सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेले दिसते. ताप असलेल्या चालकाचा आकडा त्यामुळे थोडा फुगतो.

विद्यार्थी हमखास विचारतील : तोरणमाळला हवेचा दाब कमी, मग तेथे आकडा बदलेल का? तत्त्वतः नाही. हवेतल्या मद्यार्काचा आंशिक दाब रक्तातल्या प्रमाणावर आणि तापमानावर ठरतो, हवेच्या एकूण दाबावर नाही. मद्यार्क वाढत नाही, घटत नाही. तपासायचे असते ते हे, की समोरच्या यंत्राचा संवेदक बदललेल्या हवामानात नीट चालतो का. म्हणूनच यंत्राचे ठरावीक काळाने प्रमाणीकरण करावे लागते. माहीत असलेल्या प्रमाणाची हवा त्यात सोडून आकडा बरोबर येतो का ते पहायचे. प्रमाणीकरणाची तारीख नसलेले यंत्र आणि भविष्य सांगणारा पोपट यांत फार फरक नाही.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे तोंडातला मद्यार्क. नुकतीच चूळ भरलेले माउथवॉश, खोकल्याचे औषध किंवा ढेकर यांमुळे तोंडात राहिलेला मद्यार्क फुप्फुसातून आल्याचा भास होतो. तो साधारण १५ मिनिटांत विरतो. म्हणून तेवढे थांबून दुसरी चाचणी घेणे हा चांगल्या प्रमाणपद्धतीचा प्राण आहे. खरोखर प्यायलेल्याचा आकडा १५ मिनिटांत फार बदलत नाही, चूळ भरलेल्याचा शून्यावर येतो. दोघांना वेगळे करायला घड्याळ पुरते.

आपल्या मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये सुरुवातीला रक्तात 'कितीही अल्प' मद्यार्क असला तरी गुन्हा, अशी भाषा होती. १९९४ च्या दुरुस्तीने तेथे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ही मर्यादा आली. 'कितीही अल्प' हे ऐकायला कडक. पण शून्य आणि यंत्राची चूक यांत भेद करता येत नसेल तर तो कडकपणा निर्दोष माणसालाही पकडतो.

कामाच्या दारात

आतापर्यंत आपण न्यायालयात होतो. कामाची जागा वेगळी. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याखालील आदर्श आदेशांत दारूच्या नशेत असणे हे दंगा आणि असभ्य वर्तन यांच्या पंक्तीला गैरवर्तन म्हणून नोंदले होते. ते कसे ठरवायचे, हे मात्र त्या शब्दांत नव्हते. शिवाय खातेनिहाय चौकशीला फौजदारी खटल्याचे काटेकोर पुराव्याचे नियम लागू होत नाहीत. १९७७ मध्ये एका बसवाहकाच्याच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितले. म्हणजे जो पुरावा न्यायालयात माणसाला तुरुंगात पाठवू शकत नाही, तो आगारात त्याची नोकरी घालवू शकतो. न्यायालयाची चाळणी जेथे मोठ्या भोकांची, तेथे चाचणीची चाळणी बारीक हवी.

कामावरच्या चाचणीचे तपशीलवार नियम प्रथम अमेरिकेत आले. १९८६ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या अमली पदार्थ चाचणीचा आदेश काढला आणि १९८८ मध्ये प्रयोगशाळांसाठी मार्गदर्शक नियम निघाले. मधल्या काळात, ४ जानेवारी १९८७ रोजी, मेरीलँडमध्ये रेल्वेचा अपघात होऊन १६ माणसे मेली. मालवाहू इंजिनांच्या चालकाने गांजा ओढल्याचे निष्पन्न झाले. १९९१ मध्ये वाहतूक कर्मचाऱ्यांच्या चाचणीचा कायदा झाला. त्यातल्या अटी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत : मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, पहिल्या झटपट चाचणीनंतर वेगळ्या पद्धतीने खात्रीची चाचणी, नमुन्याचे दोन भाग करून दुसरा कर्मचाऱ्याच्या मागणीवर अन्यत्र तपासण्याची सोय. निकाल कार्यालयाकडे जाण्याआधी डॉक्टरने तो पाहून कर्मचाऱ्याला विचारायचे, अशी पद्धतही या नियमांतूनच रूढ झाली.

आणि तरीही चूक राहिली. ती आपल्या स्वयंपाकघरातून समजेल. अनारशावर आपण खसखस लावतो. खसखस म्हणजे अफूच्याच झाडाचे बी. बोंडाच्या चिकाचा अंश बियांना लागलेला असतो, आणि त्यात मॉर्फिन असते. खसखस भरपूर खाल्लेल्या माणसाच्या लघवीत मॉर्फिन सापडू शकते. त्याला नशा मुळीच नसते, आकडा मात्र असतो. अमेरिकेत खसखस लावलेले पाव खाणारे कर्मचारी असे अडकू लागले. १९९८ मध्ये तेथे अफूजन्य पदार्थांची सीमा मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅमवरून २००० वर नेण्यात आली. रसायनशास्त्र चुकले नव्हते. मॉर्फिन खरोखरच होते. चुकली होती ती सीमारेषा.

गांजाचे उलट. त्याची द्रव्ये चरबीत मुरतात आणि त्यांचे अवशेष लघवीत अनेक दिवस, नेहमी ओढणाऱ्यात कित्येक आठवडे, सापडतात. सुट्टीत ओढलेला गांजा कामावरच्या दिवशी 'सापडतो', पण त्या दिवशी हात थरथरत होता का, हे लघवी सांगत नाही. मद्यार्काच्या बाबतीत रक्तातला आकडा आणि मेंदूवरचा परिणाम यांचे नाते बरेच सरळ आहे. इतर पदार्थांत तसे नाही. आपल्या मोटार वाहन कायद्यात मद्यार्काला आकडा आहे आणि अमली पदार्थांसाठी मात्र 'वाहनावर योग्य ताबा ठेवू न शकण्याइतपत अंमल' अशी शब्दांची कसोटी आहे, ती उगाच नाही.

भारतात सर्व उद्योगांना लागू असा कामावरच्या चाचणीचा एकच कायदा नाही. सर्वांत सविस्तर नियम विमानवाहतुकीचे आहेत. उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य, उड्डाणापूर्वी श्वासचाचणी, आकडा शून्यच हवा. ३१ जानेवारी २०२२ पासून वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यातल्या काहींची यादृच्छिक निवड करून अमली पदार्थांची चाचणीही सुरू झाली. २०२३ मध्ये मद्यार्कयुक्त माउथवॉश किंवा दंतजेल वापरू नये, अशीही सूचना नियमांत आली. शून्याची मर्यादा ठेवली की एवढ्या बारकाव्यापर्यंत जावेच लागते. मर्यादा जितकी कडक, तितकी पद्धत जास्त काळजीची.

आता एसटीच्या आगारांतही श्वासचाचणीची यंत्रे आली आहेत. घाटाच्या गाडीवर जाणाऱ्या चालकाकडून कायद्यातल्या ३० पेक्षा कडक अपेक्षा ठेवायलाही हरकत नाही. मात्र यंत्राच्या प्रमाणीकरणाची तारीख चालकाला पाहता यावी, आकडा आल्यास १५ मिनिटांनी दुसरी चाचणी व्हावी, तरीही आल्यास नियमाप्रमाणे रक्त घेतले जावे, आणि चाचणी सर्वांची व्हावी, ज्याच्या आडनावावरून संशय येतो त्याचीच नव्हे. गाडी पहिल्या आकड्यावरच थांबवावी. नोकरीचा निर्णय मात्र शेवटच्या आकड्यापर्यंत थांबावा. प्रवासी आणि चालक दोघांचेही हक्क या एका फरकात सांभाळले जातात.

वर्गात यातले काय करता येईल? डायक्रोमेट विषारी आहे, तेव्हा तो प्रयोग शिक्षकांनी स्वतः, हातमोजे घालून, अगदी थोड्या द्रावणावर करून दाखवावा. त्याहून सोपे म्हणजे १९५९ चे नियम फळ्यावर लिहून, एकेक नियम पुसून, तो पाळला नाही तर कोणाचे नुकसान होईल हे मुलांना विचारणे. काही नियम पुसले तर प्रवाशाचे नुकसान होते, काही पुसले तर चालकाचे. दोन याद्या शेजारी शेजारी लिहायला लावाव्यात, आणि कोणती लांब होते ते मुलांनाच मोजू द्यावे.